बाबांच्या गाडीतलं लोढणं

"माझ्या जिवात जीव आहे तोवर ते लोढणं या गाडीला लागणार नाही," दादा म्हणाला. एवढं एक वाक्य बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

"मग राहू दे गाडी अशीच," धाकटी म्हणाली. "माझं काय जातंय? ताडपत्री अजून ठेवलीय मी."

"टाक मग ताडपत्री."

"टाकते."

"टाक."

दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही. दादाची बायको, म्हणजे वहिनी, कोपऱ्यात संत्रं सोलत बसली होती. तिनं मान वरही केली नाही. या बहीणभावांची भांडणं ऐकता ऐकता तिचे केस पिकले होते, आणि त्यातलं कुठलं खरं नि कुठलं नुसती तोंडाची हौस, हे तिला आवाजावरून कळायचं. आजचं भांडण खरं होतं. म्हणूनच ती मान वर करत नव्हती.

हे सगळं चाललं होतं गॅरेजच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे काय, मोठ्या शेडच्या कोपऱ्यात काचेची भिंत घालून केलेली एक खोली. तीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि आता दादाचं ऑक्सिजनचं यंत्र. यंत्रातून निघालेली बारीक नळी त्याच्या कानांवरून नाकात गेली होती. ते यंत्र काचेच्या पलीकडे न्यायला सक्त मनाई होती, कारण पलीकडे पेट्रोल आणि ठिणग्या. ज्या माणसानं आयुष्य काचेच्या पलीकडे काढलं, तो आता अलीकडे बसून बघत असे. पलीकडे जायचंच झालं तर नळी काढून ठेवायची आणि पाचदहा मिनिटांत, तोंड निळसर पडायच्या आत, परत यायचं.

धाकटी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पन्नाशी ओलांडली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, गुडघे वाजायला लागले, तरी घरात आणि गॅरेजात तिचं नाव धाकटीच. दादा इंजिन बोलतं करायचा, ती ते उभं करायची. बाबांच्या मागे दोघांनी मिळून हे गॅरेज चालवलं, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून दिल्या, आणि रोज भांडले. एक दिवस खाडा नाही.

आता लोढणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाबांची गाडी ज्या काळातली, त्या काळात धुराचे कायदे नुकते आले होते, आणि कारखान्यांनी घाईघाईनं इंजिनावर काय काय चढवलं होतं. पट्ट्यावर फिरणारा एक हवेचा पंप असायचा. तो बाहेरची ताजी हवा ओढून धुराच्या वाटेत सोडायचा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथेच जळून जाई. जोडीला दोन झडपा, पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा आणि रबरी नळ्यांचं हे एवढं जंजाळ. धुरातलं विष कमी व्हायचं हे खरं, आणि गाडीचा जोर थोडा मार खायचा हेही खरं. जुनी गाडी नवी करणारे बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर हे सगळं उपटून टाकतात. भोकं बुजवली की इंजिन कसं मोकळं, देखणं दिसतं! उरलेले थोडे म्हणतात, अरे, जशी कारखान्यातून आली तशी ठेवा, नाहीतर तिला जुनी गाडी म्हणता कशाला? या एका गोष्टीवरून या धंद्यातल्या भल्याभल्यांचं बोलणं बंद झालेलं आहे.

दादा पहिल्या गटातला, आणि त्याचं कारण त्याच्या चेहऱ्याच्या मध्यभागी होतं. त्याला सगळे नाकवाले म्हणत. इंजिन चालू करायचं, धुराच्या नळीपाशी पळभर ओंजळ धरायची आणि ती ओंजळ नाकाशी न्यायची. बस्स. "पेट्रोल जास्त आहे, अर्धा फेरा आत." की धाकटीनं कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायचा, आणि इंजिन तिथल्या तिथे शहाण्यासारखं चालायला लागायचं. दूरदूरच्या गाड्या त्या नाकासाठी यायच्या. पुढे धूर मोजायची यंत्रं आली, धाकटीनं हौसेनं एक घेतलंही. दादाचं सांगणं आणि यंत्राचा आकडा जुळला नाही, असं कधी झालं नाही. यंत्र शेवटी फडताळात गेलं.

अशा माणसाला हवेचा पंप कसा चालावा? पंप धुरात ताजी हवा मिसळतो. मग वासावरून काही कळेना होतं. "पंप असला की धूर खरं बोलत नाही," दादा म्हणायचा. म्हणून गॅरेजात आलेल्या प्रत्येक गाडीचं लोढणं आधी उतरायचं.

आणि शटर बंद व्हायचं! इथेच धाकटीचं डोकं फिरायचं. "वारा आला की वास पळतो," असं म्हणून तो चक्क शटर खाली ओढून घ्यायचा आणि त्या कोंडलेल्या धुरात तासन्‌तास उभा राहायचा. ती उघडायची, तो लावायचा. एकदा तर ती पान्यांचा डबा घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि दिवसभर तिथेच काम केलं. गिऱ्हाइकं तिच्या अंगावरून लांब ढांगा टाकत आत जात होती. दादा आतून खिदळत होता. "अगं, फुटपाथवरचा धंदा बरा चाललाय की!" ती हसली नाही.

आणि आता नाकात ही नळी. डॉक्टर म्हणाले होते, इतक्या वर्षांचा धूर हे एक कारण असणारच, एकच असेल असं मात्र नाही. धाकटीनं पहिलं अर्धं ऐकलं. दुसरं अर्धं तिच्या कानात शिरलंच नाही.

बाबांच्या गाडीचं निघालं ते दादाकडूनच. शेडच्या मागच्या बाजूला ती कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. दवाखान्यातून घरी आल्यावर तो म्हणाला, "धाकटे, बाबांची गाडी एकदा रस्त्यावर आणू या." कधीपर्यंत, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ती कामाला लागली. पत्रा झाला, रंग झाला, गाद्या नव्यानं शिवून झाल्या, इंजिन उघडून परत जुळवून झालं. तो काचेआडून बघायचा, काही चुकलं की टेबलावर टकटक करायचा. दोघांचं इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं. आणि मग तिनं माळ्यावरचं खोकं खाली काढलं.

त्या खोक्यात बाबांच्या गाडीचं लोढणं होतं. दादा तरणाबांड होता तेव्हा, बाबा चार दिवस बाहेरगावी गेलेले बघून, त्यानं ते सगळं गाडीवरून उतरवलं होतं. त्याच्या हातून उतरलेलं ते पहिलं लोढणं. बाबा आले, बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिले, एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "चांगली पळते की." मग त्यांनी प्रत्येक भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून खोक्यात भरला, आणि खोकं माळ्यावर टाकलं. त्याविषयी पुढे एक अक्षर बोलले नाहीत. दादाचं म्हणणं, बाबांना पसंत पडलं, ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले. धाकटीचं म्हणणं, पसंत पडलं असतं तर खोकं कशाला भरलं असतं? बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही दोघं त्यांच्या मनातलं अजून एकमेकांना समजावून सांगत होती.

तिनं पंप साफ केला, त्याची बेअरिंगं बदलली, नळ्या नव्या आणल्या. "मूळ गाडी मूळ रूपात," असं ती सगळ्यांना सांगे. पण खरं सांगायचं तर तिला मूळ रूपाचं काही पडलेलं नव्हतं. तिला दादाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं की धाकटे, तुझं बरोबर होतं. ते लोढणं फेकायचं नव्हतं, ते शटर लावायचं नव्हतं. तो हे बोलल्याशिवाय गेला तर आपण त्याला माफ करू शकणार नाही, याची तिला भीती वाटत होती. पंप ही नुसती सबब होती.

"हे बघ," दादा दम खात म्हणाला. "एक करू. पंपाशिवाय चालू कर. मी एकदा लावून देतो गाडी. बाबांची आहे, माझ्या हातानं लागू दे. रविवारी धंद्यातली जुनी मंडळी बघायला येणार आहेत. मग पुढचं पुढे."

"शटर उघडं राहील."

"राहू दे उघडं."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. आयुष्यभर ज्या शटरसाठी तिनं कंठशोष केला, ते याला आज उघडं चालतंय? तिला वाटलं, आजारपणानं माणूस मऊ झाला. तिच्या जागी मी असतो तर तेव्हाच ओळखलं असतं, असं म्हणणं सोपं आहे. तिनं नाही ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक गोष्ट केली. नेहमी ती इंजिन जुळवलं की पेट्रोल जरा जास्तच ठेवायची. तिची जुनी सवय, उगाच इंजिन तापायला नको म्हणून. मग दादा अर्धा-पाऊण फेरा आत घ्यायला लावायचा. पण आज त्याला नळी काढून उभं राहायचं होतं. म्हणून तिनं तो यायच्या आत इंजिन तापवलं, कान लावून, प्लग काढून बघून, स्क्रू अगदी जागच्या जागी आणून ठेवला. तो येईल, वास घेईल, "बरोबर" म्हणेल आणि लगेच परत जाईल, असा तिचा हिशेब होता.

दादा आला. वहिनीनं त्याचा दंड धरला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं, लग्नाला निघाल्यासारखा. धाकटीनं किल्ली फिरवली आणि बाबांची गाडी इतक्या वर्षांनी घरातल्या सगळ्यांसमोर बोलली. वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दादा सावकाश वाकला, ओंजळ धरली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

"पेट्रोल जास्त आहे," तो म्हणाला. "अर्धा फेरा आत."

धाकटीला वाटलं, आपलं काहीतरी राहिलं असेल. ज्याचं नाक त्याचं नाक, आपण काय सांगणार? तिनं अर्धा फेरा आत घेतला. इंजिनाचा सूर हलला. गाडी अंग चोरल्यासारखी चालायला लागली.

दादानं परत ओंजळ धरली. "अजून थोडं आत."

"अजून?"

"घे सांगतो ना."

तिनं घेतलं. आता इंजिन थरथरत होतं, आणि धुराच्या नळीत मधूनच फट्‌ असा आवाज येत होता. पेट्रोलविना उपाशी ठेवलेल्या इंजिनाचा आवाज तो. हे कुणाही नवशिक्याला कळलं असतं; दादाचं सगळं लक्ष मात्र ओंजळीवर होतं.

दादानं तिसऱ्यांदा वास घेतला. त्याचे ओठ निळे पडायला लागले होते. आणि तो हसला. "आता बरोबर," तो म्हणाला, आणि वहिनीकडे बघून म्हणाला, "बघितलंस? अजून आहे नाक शाबूत."

वहिनी त्याला घेऊन आत गेली. धाकटीनं इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, बंद केलं, आणि प्लग काढला.

इथे एक सांगायला हवं. या गॅरेजात एक रीत होती. दादानं "बरोबर" म्हटल्यावर प्लग उघडून बघायचा नाही. कुणी असा नियम केला नव्हता, पण तो होता. बाकी गॅरेजांत प्लगच्या रंगावरून खात्री करतात, इथे दादाचा शब्द झाला की बॉनेट बंद. धाकटीनं हजार गोष्टींवरून त्याच्याशी भांडण केलं, पण ही रीत तिनंही कधी मोडली नव्हती. आज तिनं फडक्यात धरून तो गरम प्लग बाहेर काढला आणि उजेडाकडे नेला. पांढराफटक. खडूसारखा. पेट्रोल कमी पडलेल्या इंजिनाचा प्लग असाच असतो.

आणि तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद झाला! लाज वाटावी असा, पण झाला. सापडलास, असं तिच्या मनात आलं. शेवटी सापडलास. धुरानं तुझं नाकच खाल्लं, आणि मी सांगत होते. पळभरच टिकलं ते. मग तिला तो इस्त्रीचा शर्ट आठवला, आणि तिनं मडगार्डला हात टेकला.

मागच्या बाजूला, हात धुवायच्या नळापाशी, तिनं वहिनीला गाठलं.

"कधीपासून?"

वहिनीनं काय, कशाचं, असं काही विचारलं नाही. "वर्ष होईल," ती म्हणाली. "दूध उतू जाऊन भांडं करपलं. मी वरच्या मजल्यावर होते, तिथं मला वास आला. खाली येऊन बघते तर हे शेगडीच्या शेजारी खुर्चीत पेपर वाचतायत. धूर डोळ्यांत गेला तेव्हा उठले. मी काही बोलले नाही. संध्याकाळी तेच म्हणाले, धाकटीला सांगू नकोस."

"मग आज कशाला हे सगळं?"

"त्यांना वाटलं, जमेल. तू पेट्रोल कायम जास्त ठेवतेस, हे त्यांना पाठ आहे. म्हणाले, अर्ध्या-पाऊण फेऱ्याच्या पलीकडे कधी गेलंच नाही. तेवढं सांगितलं की झालं." वहिनीनं नळ बंद केला. "नाही झालं का?"

  धाकटीनं त्याच्यावर दया केली आणि त्या दयेनंच त्याला उघडं पाडलं. नेहमीसारखी निष्काळजी राहिली असती तर तो बरोबर ठरला असता, आणि तिलाही कळलं नसतं.

ती गाडीपाशी येऊन बसली आणि विचार करायला लागली. स्क्रू गुपचूप जागेवर आणणं सोपं होतं. पण रविवार होता ना पुढे. जुनी मंडळी म्हणजे सगळे कान आणि डोळे. ते येणार आणि म्हणणार, नाकवाले, घ्या ना वास, किती वर्षांत बघितलं नाही! तो नाही म्हणणार नाही. तो ओंजळ धरणार, आणि काहीतरी सांगणार. इतक्या लोकांसमोर. त्यांच्यातला एकजण नळीपाशी नाक नेऊन म्हणणार, अहो पण... छे! तिला ते पुढे बघवेना.

आणि मग तिची नजर खोक्याकडे गेली. पंप लावला तर? पंप असला की कुणाच्याच नाकाला काही कळत नाही, हे दादानंच सगळ्या मंडळींना आयुष्यभर ऐकवलेलं. पंप असलेल्या गाडीचा वास घ्या, असं त्याला कुणी म्हणणारच नाही. त्याला सरळ मिशीवर हात फिरवून सांगता येईल, काय करू, बहिणीनं हट्टानं पंप लावला, आता कसला वास नि कसलं काय! सगळे हसतील, तिला नावं ठेवतील. ठेवू देत.

फक्त त्याला संशय येता कामा नये. म्हणजे नेहमीसारखं कडाडून भांडायला हवं. तिनं हात पुसले, चेहरा जमेल तेवढा तिरसट केला आणि काचेचं दार ढकललं.

"हे बघ दादा, झालं तुझ्या मनासारखं. आता माझं ऐक. मला पंप हवाय म्हणजे हवाय. बाबा काही एकट्या तुझे नव्हते. खोकं त्यांनी कशासाठी भरून ठेवलं, ते तुला कळत नसेल तर माझा नाइलाज आहे. मूळ गाडी ती मूळ गाडी. रविवारी लोक येतील तेव्हा तिच्यावर सगळे भाग असतील, आणि तू आडवा आलास तर..."

"लाव," दादा म्हणाला.

ती थांबली. "काय?"

"लाव म्हटलं. सगळं लाव. पंप, डबा, नळ्या."

"असं कसं लाव? काल तर जिवात जीव आहे तोवर म्हणत होतास."

दादानं काचेकडे बोट केलं. काचेतून गाडी दिसत होती, वर केलेलं बॉनेट दिसत होतं, आणि मडगार्डवर फडक्यावर ठेवलेला प्लग दिसत होता.

"तू प्लग काढलास," तो म्हणाला.

धाकटीनं वळून प्लगकडे बघितलं. ज्या काचेतून तो वर्षभर तिचं काम बघत बसला होता, ती तिच्या ध्यानातच राहिली नव्हती.

"पांढरा होता?"

"नव्हता रे. ठीक होता."

"धाकटे."

"खडूसारखा," ती म्हणाली.

दादानं मान हलवली. यंत्र घरघरत होतं. "तू नेहमी पेट्रोल जास्त ठेवतेस," तो म्हणाला. "आज का नाही ठेवलंस?"

"तुला फार वेळ उभं राहावं लागू नये म्हणून."

त्यानं डोळे मिटून घेतले. ती त्याच्या खुर्चीसमोर टेबलाला टेकून उभी होती, आणि रागवावं की त्याच्या पायाशी बसावं हे तिला कळत नव्हतं. मग तो बोलला. थांबत, श्वास गोळा करत बोलला.

"तुझं बरोबर होतं. हे भाग फेकायचे नव्हते. शटरचंही... तुझंच बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं गं. पण लोक नाकासाठी यायचे ना. मला ते आवडायचं."

झालं. हेच ऐकायचं होतं तिला. इतकी वर्षं, रोज, अंघोळ करताना, पाने फिरवताना, झोप येत नसताना, तिनं हे वाक्य त्याच्या तोंडी घालून बघितलं होतं. ते ऐकल्यावर आपण काय बोलू तेही ठरलेलं होतं. आता ते आलं, आणि तिला वाटलं, परत घे. परत घे रे हे. कुणी मागितलं होतं?

"काही बरोबरबिरोबर नव्हतं माझं," ती एकदम चिडून म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नाहीस का? एकच कारण नाही म्हणाले ते. आणि पंपानं गाडीचा जोर जातो, हे खोटं आहे का? तूच सांगतोस ना? बाबा स्वतः म्हणाले होते, चांगली पळते. माझ्यासमोर म्हणाले. नाही लावायचा पंप. मी स्क्रू जागेवर आणते, तू रविवारी खुर्चीत बसून राहा, कुणाची टाप आहे तुला ऊठ म्हणायची? नाही लावायचा म्हणजे नाही लावायचा. बोल की! गप्प काय बसलास? भांड ना माझ्याशी."

दादा हसला. तिच्या मनगटावर त्यानं हात ठेवला. तो हात हलका झाला होता, फार हलका.

"भांडायला दम लागतो गं," तो म्हणाला. "लाव तू पंप."

 वहिनी दारापर्यंत आली होती, ती आल्या पावली मागे फिरली.

दुपारी धाकटीनं पंप लावायला घेतला. आधी स्क्रू जागेवर आणला, नवा प्लग बसवला. मग पंपाचे बोल्ट, पट्टा, झडपा, कोळशाचा डबा, आणि एकेक करून सगळ्या नळ्या. एक नळी तिनं मुद्दाम उलट्या बाजूनं घातली आणि काचेकडे बघितलं. टेबलावर टकटक होईल, म्हणून थोडा वेळ वाट बघितली. दादा तिच्याकडेच बघत होता. त्यानं नुसता हात वर केला, चालू दे अशा अर्थानं. तिनं नळी काढली, सरळ करून घातली आणि क्लिप आवळली. शटर सताड उघडं होतं, रस्त्यावरचा वारा आत येत होता. या गॅरेजात आयुष्यात पहिल्यांदा ती सगळं आपल्या मनासारखं करत होती, आणि तिला कुणीही नको म्हणत नव्हतं.